घरापासून सुरुवात

अच्युतराव वकिलांनी पुढे केलेली लग्नपत्रिका नरहररावांनी हातात घेतली नाही. "ठेवा तिथं," ते म्हणाले आणि सोप्यातल्या चौरंगाकडे बोट दाखवलं.

बातमी कल्याणी गावच्या पेठेत आठ दिवस आधीच पोचली होती. अच्युतराव म्हणजे धर्मरक्षक पक्षाचे अध्यक्ष, आणि लग्न त्यांच्याच विधवा लेकीचं, मालतीचं! विधवेचं लग्न लावणं म्हणजे धर्म बुडवणं, हे याच गृहस्थांनी वीस वर्षं गावोगाव मेज बडवून सांगितलं होतं. आता सेहेचाळीस साल उजाडलं, निझामाच्या राज्यात निवडणुकांची हवा सुटली आणि पक्षानं एका बैठकीत जुना नियम गुंडाळून ठेवला. मतं हवी असली की शास्त्रातूनही पळवाटा निघतात.

"काळ बदलायलाय, नरहरराव," अच्युतराव म्हणाले. "तुम्ही पक्षाचे जुने चिटणीस. तुम्ही पहिल्या पंगतीला बसलात की लोकांची तोंडं बंद."

"एकवीस वर्षांमागं याच सोप्यात बसून काय म्हणालात मला? धर्म राखायचा तर घरापासून सुरुवात करा. केली मी. तुम्ही कामून न्हाई केलीत?"

"ते दिवस वेगळे होते." अच्युतरावांनी टोपी नीट केली. उठता उठता त्यांचा आवाज खाली आला. "एक सांगायचं राह्यलं. इंदुताईंना मात्र आणू नका. मंगलकार्य आहे. बायकांचं तुम्हाला ठाऊकच."

नरहररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. विधवेच्या लग्नाला विधवा चालत नव्हती! वकील पायऱ्या उतरत असतानाच त्यांनी पत्रिका उचलून अंगणात भिरकावली आणि तरातरा आत आले.

इंदू त्यांची एकुलती एक लेक. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून लाल आलवणात होती. दोन वर्षांनी उमरग्याचा एक मास्तर स्वतः मागणी घालायला आला होता. नरहररावांनी त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं आणि पुढच्या सभेत उभं राहून ते सांगितलं. काय टाळ्या पडल्या होत्या! त्या टाळ्यांवर माणूस इतकी वर्षं जगला.

"विकले गेले सगळे," ते इंदूला म्हणाले. "शब्दाला जागलेला एकटा मी उरलो बघ."

इंदू माजघरात तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मालतीला स्थळ कुठलं, अप्पा?"

"उदगीरचा कुणी मास्तर हाय म्हणं."

सुपातला तिचा हात थांबला.

"मास्तर," ती म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली.

नरहररावांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण ऐकायला समोर कोण होतं, हे आता कुठं त्यांच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात परसदाराची कडी वाजली. न्हावी भीमण्णा आला होता. दर पंधरवड्याला तो मागच्या दारानं यायचा, इंदूचं डोकं भादरून मागच्या मागं जायचा. त्या दिवशी नरहरराव देवळात जाऊन बसत आणि परस धुऊन झाल्यावरच घरी येत. एकवीस वर्षांत ही शिस्त एकदाही चुकली नव्हती.

आज ते दारात आडवे उभे राहिले.

"परत जा, भीमण्णा. आजपासून यायचं न्हाई."

भीमण्णानं गोंधळून इंदूकडं पाहिलं. इंदू सूप ठेवून परसात आली होती.

"पक्षानं ठरवलं म्हणून व्हय, अप्पा?"

"पक्ष गेला खड्ड्यात. मी सांगायलोय."

"तेव्हा बी तुमीच सांगितलं होतं."

ती दगडावर बसली आणि तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. पंधरा दिवसांचे खुंट वाढले होते. सगळे पांढरे. लेकीला अजून छत्तिसावं लागायचं होतं.

"या, भीमण्णा," इंदू म्हणाली. मग बापाकडं न बघताच, रोजच्याच आवाजात म्हणाली, "अप्पा, तुमची देवळात जायची वेळ झाली."