मनिरामच्या घरची पाटोडी

मंडईच्या दिवशी सकाळीच मनिराम आपल्या स्वयंपाकघराच्या दारात आडवा उभा राहिला. माझं आणि त्याचं घर एका भिंतीचं, तेव्हा त्याच्याकडचं भांडण ऐकायला मला उठून कुठे जावं लागत नाही.

"पावने येऊन राहिले, अन् पोट्टा चुलीपाशी बसून हाय! लाज कशी नाई वाटत याले?"

"मंग रांधन कोन?" त्याच्या बायकोचा, यशोदाबाईचा आवाज आला. "माया हात गळ्यात हाय, दिसत नाई काय? धान आनताना बैलबंडीवरून तुमीच तं पाडलं मले."

"निशा रांधन!"

"निशानं मांडलेला भात कुत्र्यानं सोडला होता मागच्या हप्त्यात. पावन्याईले वाढता काय तो?"

ते खरंच होतं. निशा त्याची थोरली. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यानं अशी पळायची की सायकलवाले मागे पडत. पण तिनं चुलीवर काही ठेवलं की करपल्याचा वास आधी माझ्या घरात यायचा.

राहिला शुभम, आणि सगळी अडचण त्याचीच होती. बारावीनंतर पोरगा आमगावच्या कम्युनिटी कॉलेजात गेला. तिथे गरिबाला झेपतील असे वर्षाचे कोर्स चालतात. मनिरामला वाटलं, मोटारीचं शिकेल, नाहीतर फ्रिज दुरुस्तीचं. शुभमनं घेतला स्वयंपाकाचा. सहा महिने वर्गात, सहा महिने गोंदियातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात. बापाला कळलं तेव्हा त्यानं घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं, की या पोराच्या हातचा घास मी तोंडात घालणार नाही. आणि पठ्ठ्यानं ते पाळलं. शुभमनं घरी काही केलं की मनिराम मुरमुरे खाऊन निजायचा. बाहेर पानठेल्यावर मात्र सांगायचा, "पोरगा हॉटेल लाइनमंदी साहेबाचं शिकून राहिला." मला त्या माणसाचा राग यायचा आणि पोराची फार दया यायची.

आता मंडई म्हणजे नुसते पाळणे, जिलेबी आणि रात्रीचं नाटक नव्हे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव ती भरते, आणि तिचं खरं काम सोयरीक जुळवण्याचं. पाहुणे जेवायला येतात आणि जेवता जेवता पोरगा-पोरगी पाहून जातात. त्या दिवशी मनिरामकडे सडक अर्जुनीचे भोजराजभाऊ येणार होते. हायवेवर त्यांचा ढाबा. त्यांची पोरगी नूतन शुभमला द्यायची, असं बोलणं चाललं होतं.

शेवटी तोडगा निघाला. शुभमनं गुपचूप रांधायचं, पाहुणे दिसले की हात धुऊन इस्त्रीचा सदरा घालायचा आणि साहेबासारखं खुर्चीत बसायचं. वाढायला निशा. कोणी विचारलंच तर रांधलं निशानं.

"मी?" निशा म्हणाली. "बाबा, मी झूट बोलनार नाई."

"बोलू नोको. नुसती वाढ."

दुपारी पाहुणे आले. भोजराजभाऊ, त्यांची बायको सुशिलाबाई, आणि मागे नूतन. पंगतीला मीही होतोच, शेजारधर्म म्हणून. शुभमनं बेसनाची पाटोडी केली होती आणि वर झणझणीत रस्सा. बोडीतले, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातले मासे, नव्या धानाचा भात. खरं सांगतो, पहिला घास घेतला आणि मला माझी मेलेली आई आठवली. भोजराजभाऊंनी बोलणंच बंद केलं. तिसऱ्यांदा रस्सा घेतला तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम ताटात पडायला आला होता.

मनिराम तेवढा जेवला नाही. "मले आज उपास हाय," म्हणाला. मंगळवार होता. मनिरामनं मंगळवार कधी धरल्याचं मला आठवत नाही.

हात धुतल्यावर भोजराजभाऊंनी सुपारी तोंडात टाकली आणि रडगाणं काढलं. "ढाब्यावर आचारी टिकत नाई, भाऊ. शिकवला की पयते. मागच्या महिन्यात तं फोडनी अर्धी टाकून पयाला."

"हो ना," मनिराम म्हणाला.

"कोनं रांधलं जी हे?"

मनिरामनं निशाकडे बोट केलं. भोजराजभाऊ उजळले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं मान हलवली.

"मंग पोराचं रायू द्या, मनिरामभाऊ. आमच्या पुतन्याले, प्रफुलले, तुमची निशाच द्या. ढाब्यावरच रायते तो. पोरगी चूल सांभाळन, आमची चिंता गेली. आचाऱ्याले पगार द्या लागते, सून तं घरचीच ना!"

 निशानं पातेलं खाली आपटलं.

"म्या नाई रांधलं. शुभमनं रांधलं. आमगावच्या कालेजात तेच शिकला तो. मी भरतीले चालली."

सगळ्यांच्या नजरा खुर्चीवरच्या साहेबाकडे गेल्या. त्याच्या इस्त्रीच्या बाहीला हळद लागलेली होती.

भोजराजभाऊ आधी खो-खो हसले. "आचारी? अन् आमाले सांगता साहेब! असे चार तं मी नोकरीले ठेवतो, त्याईले पोरगी देऊ काय?" मग हसता हसता थांबले. जिभेवर रस्सा अजून असावा. "बरं, असं करा. पोट्ट्याले माया ढाब्यावर धाडा. साल-दोन साल काम पाहू. लग्नाचं मंग पाहू."

शुभम उठला. आवाज चढवला नाही त्यानं.

"मामाजी, रायपूरच्या हॉटेलात मले बोलावलं हाय. कालेजातूनच लागलं. पुढच्या सोमवारी जाऊन राहिलो. तुमाले आचारी पायजे असन तं पगार ठरवा, अन् जावई पायजे असन तं नूतनले विचारा. दोनी एकाच ताटात नाई वाढत मी."

मला टाळी वाजवावीशी वाटली, पण माझं जेवण अजून चाललं होतं, हात खरकटे होते. मनिराम पोराकडे असा पाहत होता, जणू दुसऱ्याच कोणाचा पोरगा घरात आला आहे.

तेवढ्यात नूतन बोलली. आल्यापासून पहिल्यांदाच. "तुमच्या कालेजात पोरी घेतेत काय?"

"घेतेत. आमच्या वर्गात पाच होत्या."

"बाबा, मले जाचं हाय तिथं," ती म्हणाली. भोजराजभाऊंना सुपारीचा ठसका लागला.

पाहुणे पाळणे न पाहताच निघाले. जाताना सुशिलाबाईंनी हळूच डबा पुढे केला आणि रस्सा भरून घेतला. लग्नाचं हो की नाही, ते कोणीच सांगितलं नाही.

मनिराम ओसरीवर येऊन बसला. मंडईतून पानठेलेवाला केवलराम येत होता, त्यानं हाक मारली, "काय म्हनतेत पावने? पोरगा पसंत पडला का नाई साहेब?"

"साहेब नाई गा," मनिराम म्हणाला. "आचारी हाय माया पोरगा. रायपूरले चालला."

आणि तो उठून थेट स्वयंपाकघरात गेला. भिंतीपलीकडून मला पाट ओढल्याचा आवाज आला.

"वाढ."

"उपास हाय ना तुमाले?" शुभम म्हणाला.

"वाढ म्हनतो ना!"

मग ताटाची खडखड. मी कान भिंतीला लावून बसलो होतो. शेवटी मनिरामचा आवाज आला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला. "अजून टाक थोडा रस्सा."