गुडघ्याची परिभाषा

बाबांचा नवा गुडघा वाकत नव्हता, आणि त्यांची मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. आता याला काय म्हणायचं! दिवसभर परक्यांचे गुडघे वाकवायचे आणि घरचा मात्र लाकडासारखा ताठ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मोठ्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "पुढच्या सोमवारपर्यंत निदान काटकोनात आला नाही, तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल." पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जायचं म्हटल्यावर बाबांचा चेहरा एवढासा झाला. मुलीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण डॉक्टर तिच्याच हॉस्पिटलातले, आणि "तुम्ही घरी लक्ष देत नाही का?" असं सगळ्यांदेखत विचारून ते मोकळे झाले होते.

घरी येताच तिने पर्स सोफ्यावर आपटली. "बाबा, खरं सांगा. व्यायाम करत होतात की नाही?"

"म्हणजे काय! दोन्ही वेळा. विचार आईला."

"घामाघूम व्हायचे गं," आई म्हणाली.

रोज फोनवर तिने हेच तर ऐकलं होतं. तिचं सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला, ड्यूटी पार संध्याकाळपर्यंत. "झाला का व्यायाम?" विचारलं की इकडून "झाला" यायचं आणि ती निश्चिंत व्हायची.

"करून दाखवा बघू."

बाबा खुर्चीत सरसावून बसले. ऑपरेशनचा पाय समोर सरळ उचलला, दातओठ खाल्ले आणि तसाच हवेत धरला. चेहरा लालबुंद. आई घड्याळाकडे बघून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होती. पाय थरथरायला लागला तरी पठ्ठ्या सोडेना.

"हे काय?"

"होल्ड," बाबा कसेबसे म्हणाले.

"आणि वाकवायचं कधी?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे. "वाकवायचंपण होतं?"

कर्म! ऑपरेशननंतर तिनेच तर सगळं समजावलं होतं. क्वाड्रिसेप्सचं आयसोमेट्रिक कॉन्ट्रॅक्शन, मग अ‍ॅक्टिव्ह असिस्टेड फ्लेक्शन, एंड रेंजला होल्ड, आणि सगळं पेन टॉलरन्सच्या आत. एका दमात. बाबांनी मान हलवली, आईने हलवली, भेटायला आलेल्या शेजारच्या काकांनीही हलवली, आणि त्यांचे तर दोन्ही गुडघे शाबूत होते. त्या सगळ्या गर्दीत बाबांच्या ओळखीचा शब्द एकच निघाला, होल्ड. तो त्यांनी जिवापाड सांभाळला.

"कळलं नाही तर विचारायचं ना!"

"काकांसमोर? पोटच्या पोरीचं बोलणं मला कळत नाही, असं सांगू?"

आणि हा माणूस कोण, तर आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला! "नुसती मुंडी हलवू नका, काय कळलं ते बोला," असं शिकाऊंवर डाफरण्यात ज्याची हयात गेली, तो.

"बरं, आता ऐका," ती म्हणाली. "हील स्लाइड करताना नी फ्लेक्स..."

"कळलं नाही." आता बाबांना परवानगीच मिळाली होती.

"अगं, भाजी कशी फोडणीला टाकायची ते मी तुला कसं सांगते?" आई म्हणाली. "तसं सांग की."

तिने कपाळावर हात मारला. "खुर्चीत बसा. टाच जमिनीवरून घासत मागे ओढा. खुर्चीखाली."

बाबांनी ओढली. टाच जेमतेम सरकली आणि ते कळवळून ओरडले. पाय झटक्यात सरळ.

"ते पेन टॉलरन्सच्या..." म्हणता म्हणता ती अडखळली.

"कळलं नाही."

याला मराठी शब्द तिला येत नव्हता असं थोडंच! परक्या माणसाने कितीही आरडाओरडा केला तरी तिचा हात थांबत नसे. पण समोर बाबा होते. आपण यांना रोज, जाणूनबुजून दुखवणार आहोत, हे तिला तोंडाने म्हणवत नव्हतं. इंग्रजीत बरं, अंगाला लागत नाही.

"दुखेल, बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "खूप दुखेल. ओरडा, मला शिव्या घाला, पण थांबू नका. थांबलात तर पाय असाच राहील."

बाबा गुडघा चोळत म्हणाले, "मग हे आधी नाही का सांगायचं? मध्ये एकदा चुकून वाकला, तर जीव गेला नुसता. मला वाटलं, मोडला नवा गुडघा. घाबरून कुणाला बोललो नाही, की परत वाकवला नाही."

ती रजा टाकून माहेरीच राहिली. त्या आठवड्यात घरात असा काही गोंधळ चालला, की काका काळजीने डोकावून गेले. शिकाऊंसाठी जपलेला शिव्यांचा साठा बाबांनी मुलीवर रिकामा केला. वर लबाडी! टाच ओढायची वेळ आली की साळसूदपणे म्हणायचे, "कळलं नाही, परत सांग."

"चांगलं कळलंय तुम्हाला! ओढा!"

सोमवारी डॉक्टरांनी गुडघा वाकवला. काटकोन गाठून तो वर आणखी थोडा पुढे गेला. "भूल नको," ते म्हणाले. आईने तिथेच डोळे पुसले.

बाहेर बाकावर टेकत बाबांनी विचारलं, "म्हणजे दुखणं संपलं ना आता?"

मुलीच्या जिभेवर एक लांबलचक शब्द येऊन बसला होता. तिने तो गिळला. "नाही, बाबा. अजून बरेच दिवस दुखेल. पण तुम्ही चालाल."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग आईला कोपराने ढोसून म्हणाले, "बघितलंस? किती शिकलीय!"