भिंतीवरचा एगीर मामा

*घर.*

एगीर मामा दारात बसून केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेली मासळी खात होता. तेवढ्यात सुतकाची काळी-तांबडी वस्त्रं नेसलेल्या बायका त्याच्या नावाने रडत अंगणात शिरल्या. पुढच्या बाईने त्याला पाहिलं आणि तिचा हुंदका अर्ध्यावरच थांबला.

"अगं बाई, हा तर जेवतोय!"

"मग काय उपाशी मरू?" मामाने विचारलं.

ऑपरेशनने गळ्यावर ठेवलेल्या भोकावर बोट दाबलं की मामाला बोलता येतं. फाटका, घोगरा वारा बाहेर येतो. शब्द ऐकायला जवळ जावं लागतं. बायका जवळ गेल्या नाहीत.

*छापखाना.*

चूक अशी झाली. सिगारेटच्या पाकिटावर रोगाचं चित्र हवं, असा कायदा आहे. पण आमच्या गावात पाकीट घेतं कोण? टपरीवरून एक-एक सुटी घेतात. चित्र टपरीवालीकडेच राहतं. कुणी पाहिलंच, तर म्हणतं, हे परक्या लोकांचे रोग. म्हणून मी, जिल्हा आरोग्य कार्यालयाची शिक्षिका, सख्ख्या मामाच्या मागे लागले: तुझा फोटो दे, गावभर लावते. मामाने ठेवणीतलं कापड खांद्यावर घेतलं आणि भोक झाकू दिलं नाही.

अटोच्या छापखान्यात वर्षभर मयतांचीच पत्रकं छापतात. गावात भिंतीवर कुणाचा मोठा फोटो दिसला की तो अंत्यविधीचंच निमंत्रण. अटोने हात सवयीने चालवला: काळी चौकट, दोन्ही बाजूंना पांढरी कबुतरं, मधोमध मामा. माझं वाक्य अगदी खाली, बारीक अक्षरात.

*सिगारेटने माझा आवाज नेला. तुमचा वाचवा.*

मी प्रशिक्षणाला गेले होते. परतले तोवर पत्रकं गावभर लागून खळही वाळली होती.

*पुन्हा घर.*

नाना एसुमान आले. आमच्या आईकडच्या कुळाचे ते प्रमुख. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले नाहीत.

"जिवंत माणसाचं मरण भिंतीला चिकटवलंस, एवुरामा. आता पितरांना काय सांगू? छापखान्यात गडबड झाली म्हणून?"

"नाना, कायद्याचं काम आहे हो."

"कायदा येणार का याला मातीत ठेवायला? शुक्रवारच्या आत सगळे कागद उतरव. एक जरी राहिला, तर याच्या खऱ्या मरणाला आपल्यातलं कुणी येणार नाही. मी येऊ देणार नाही."

मामाची बायको गेली. मुलं झाली नाहीत. त्याने बोट गळ्यापर्यंत नेलं आणि तसंच खाली आणलं.

नाना गेल्यावर मी हळूच म्हटलं, "मामा, सगळे काढू. लॉरीतळावरचा तेवढा ठेवू? सगळ्यात जास्त तिथेच ओढतात. कार्यालय पुन्हा छापून देणार नाही. आणि नाना कशाला जातायत तिकडे?"

मामा चपला शोधत होता.

*बाजाराची भिंत.*

*ने माझा आवाज नेला. तुमचा वा*

खळ कसाव्याच्या पिठाची, सुटता सुटेना. मी खरवडत होते. मामा शेजारी उभा. मासळीवाली त्याचा दंड चिमटीत धरून बघत होती.

"काय रे, कशाने गेलास?"

"गेलो नाही."

"बरं बाबा. मग कशाने जाणार आहेस?"

"धुराने," मामा म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग तिच्या बहिणीने विचारलं. तिलाही सांगितलं.

*चर्चची भिंत.*

*माझा आवाज ने*

इथेही तेच विचारलं गेलं. मामा नुसता भोकाकडे बोट दाखवत राहिला. ऊन भिंतीवरून आमच्या डोक्यावर आलं. पाद्रीबाईने बसायला बाक दिलं. मामा बसला, मग त्याला उठवावं लागलं.

*लॉरीतळ.*

इथलं पत्रक अख्खं होतं. त्याच्याखाली मामाच्या बरोबरीचे ड्रायव्हर दाटीवाटीने बसले होते. जमिनीवर मयताच्या नावाने जिन दारू ओतलेली. सगळ्यांच्या बोटांत सिगारेट. ताची, ज्याच्या गाडीशी मामा कुमासी शहरापर्यंत शर्यत लावायचा, डोळे पुसत धूर सोडत होता.

"बापरे, भूत!"

"भूत एवढ्या उन्हात चालत येतं का रे? बघ, घामाघूम झालाय."

"एगीर! हरामखोरा, तुझ्या नावाने अर्धी बाटली ओतली मी!"

ते हसले, खोकले, पुन्हा हसले. ताचीने सरकून जागा केली. "बस. तुझ्याच दुःखात ओढतोय आम्ही."

"खालचं वाचलंत का?" मी विचारलं.

"वाचलं की, बाई. वाचूनच तर जीव कळवळला," ताची म्हणाला आणि त्याने दुसरी पेटवली.

मी मामाच्या कानाशी लागले. "हा राहू दे ना. हा एकच."

मामाने बोट दाबलं. नुसता वारा आला. परत दाबलं.

"त्यांनी वाचलंय, पोरी. तरी ओढतायत." त्याने श्वास घेतला. "मला माझी माणसं हवीत. न्यायला."

तो भिंतीपाशी गेला आणि पत्रकाच्या कोपऱ्यात त्याने नख घातलं. कागद हलला नाही. ताची ओठांत सिगारेट तशीच ठेवून उठला आणि गाडीच्या किल्लीने मामाबरोबर खरवडू लागला. चौकटीचा एक तुकडा निघाला. कबुतर निघेना.

"असं नाही निघायचं," ताची म्हणाला. "ओलं करावं लागेल."

मी नळावरून बादली भरून आणली आणि मामाचा चेहरा भिजवायला घेतला.