बिनसहीचा फॉर्म

संकटाची तरतूद संकट येण्याआधीच केली पाहिजे, हे मानवजातीला कुणीतरी ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे, असं मला १९९१च्या ऑगस्टमध्ये फार वाटू लागलं होतं. मानवजातीपैकी बावीस जण एका रविवारी लंडनच्या वेम्बलीतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये माझ्यासमोर बसले होते. त्यातले सहा चहासाठी थांबले होते.

वर्षभरापूर्वी मी कौन्सिलमधली, म्हणजे इथल्या नगरपालिकेतली, नोकरी सोडून एका विमा कंपनीचा एजंट झालो होतो. पगार नाही, नुसतं कमिशन. कंपनीने तेव्हा एक नवी पॉलिसी काढली होती. हार्ट अटॅक, कॅन्सर, स्ट्रोक असलं काही झालं आणि माणूस त्यातून जगला, तर त्याला एकरकमी पैसे. मेल्याबद्दल पैसे देणारे विमे पुष्कळ होते. जगल्याबद्दल देणारा मी तरी हा पहिलाच पाहत होतो.

ही पॉलिसी मी आधी आपल्या मराठी मंडळींत विकायचा प्रयत्न केला. गणपतीच्या जेवणात मी ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला, तेव्हा यजमानीणबाई म्हणाल्या, "गिरीशभाऊ, श्रीखंड घ्या हो अजून," आणि माझं तोंड बंद होईल इतकं वाढलं. म्हणून मी फिलिपिनो लोकांकडे वळलो.

ते जमलं मिलाग्रोसमुळे. ती आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. हॉस्पिटलात हृदयविकाराच्या वॉर्डात नर्स होती. नवरा रोहेलिओ हॉटेलात पोर्टर. दोन मुलं इथे, आणि मनिलाच्या पलीकडे कुठेतरी तिच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली आणखी नऊ माणसं. ती मला ‘कुया’ म्हणायची. कुया म्हणजे दादा. विमा एजंटाला दादा म्हणणारी माणसं मला तोवर भेटली नव्हती.

या लोकांची एक रीत होती. कुणी आजारी पडलं, की रविवारच्या प्रार्थनेनंतर एक डबा फिरायचा. निळा, गोल, डॅनिश बिस्किटांचा. आपल्याकडे असल्या डब्यात सुया-दोरे असतात. त्यांच्याकडे त्यात लोक पैसे टाकायचे, न मोजता, न बघता, आणि मग डबा आजाऱ्याच्या घरी जायचा.

माझं सगळं भाषण त्या डब्याविरुद्ध होतं.

"डबा प्रेमाचा आहे," मी म्हणालो, "पण घराचा हप्ता प्रेमाने भरता येत नाही. नर्सला कामाच्या जागी आजारपणाची रजा मिळेल, पण तुमच्यातले किती जण सफाईला जातात, हॉटेलात लागतात? सहा महिने घरी बसलात तर? आणि तिकडे मायदेशी असलेल्या माणसांना काय पाठवाल? रिकामा डबा?"

लोक हसले. मग हसायचे थांबले. मी चौथी स्लाइड लावली. त्यावर एकच वाक्य होतं : आजार झाल्यानंतर ही पॉलिसी मिळत नाही.

मिलाग्रोसने हात वर केला. "कुया, तुम्ही स्वतः घेतलीय का ही?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "पहिली माझीच."

त्या एका वाक्यावर अकरा कुटुंबांनी सह्या केल्या. स्लाइडवर नव्हे. हे मला मिलाग्रोसनेच नंतर कौतुकाने सांगितलं : "तुमच्या तोंडावरून कळलं, हा माणूस खरं बोलतोय."

आता माझ्या फॉर्मबद्दल. फॉर्म होता. मी स्वतःच्या हाताने, ब्लॉक कॅपिटल्समध्ये, भरलेला होता. फक्त सही राहिली होती.

त्या भाषणानंतर लाज वाटून मी तो काढला, तेव्हा पितृपक्ष लागला होता. माझी बायको सुलक्षणा ओट्याशी उभी होती. तिने चष्मा लावून फॉर्म वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"एकवीस रोगांची नावं आहेत यात."

"त्यांची यादीच असते."

"आणि खाली तुम्ही सही करणार. पितरांच्या पंधरवड्यात. म्हणजे आमंत्रणच की."

"सुलू, मी असलं काही मानत नाही."

"तुम्ही नका मानू. पण थोडं थांबायला काय जातंय?"

मी थांबलो. फॉर्म स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे खोचला. मग नवरात्र आलं. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, हे मीच तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "दसऱ्याला सोनं घेतात. कॅन्सर नाही घेत." पुढे दिवाळी. दिवाळीत कोण सही करतो? मग मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांत, आणि मग मार्चअखेरचा हिशेब, जो धार्मिक नसला तरी माझ्या बाजूने होता.

हे सगळं मी सुलक्षणाच्या नावावर खपवत आलो. खरं सांगायचं तर ऑफिसात माझ्याकडे असे चाळीस फॉर्म होते, पेनही होतं आणि सुलक्षणा नव्हती. पण त्या फॉर्मवर एक प्रश्न होता : वडील हयात आहेत का, नसल्यास वय आणि कारण. मी लिहिलं होतं : बावन्न, हृदयविकार. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. आयुष्यभर देव, भूत, मुहूर्त या सगळ्यांची टिंगल केलेला मी, पण त्या रकान्याखाली सही करायला माझा हात उचलत नव्हता. इतरांचे रकाने मी फार सफाईने भरले.

१९९३च्या जुलैमध्ये रोहेलिओला स्ट्रोक झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. हॉटेलने दोन आठवडे वाट पाहिली आणि तिसऱ्या आठवड्यात दुसरा पोर्टर ठेवला. पण कंपनीने पैसे दिले. पूर्ण. त्यांचं घर राहिलं, मनिलाच्या पलीकडच्या नऊ जणांचे पैसे दर महिन्याला जात राहिले, आणि मिलाग्रोस मोठा थाळा भरून नूडल्स घेऊन आमच्या दारात आली.

"कुया, डब्यावर राहिलो असतो तर आम्ही रस्त्यावर असतो," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः केलंत, म्हणून आम्ही केलं."

मी नूडल्स खाल्ले. चांगले होते.

त्याच रात्री फॉर्म कॅलेंडरमागून काढला. सुलक्षणा म्हणाली, "उद्या सर्वपित्री आहे. परवा करा." परवापासून नवरात्र होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी, दिवाळीचा फराळ संपत आला असताना, ईलिंग रोडवर तांदळाचं पोतं गाडीत टाकताना माझ्या छातीत कळ आली. मी एक्कावन्न वर्षांचा होतो. वडिलांना एक वर्षाने हरवलं.

शुद्ध नीट आली तेव्हा मिलाग्रोस माझी नाडी मोजत होती. अर्थात तिचाच वॉर्ड.

"कुया, घाबरू नका," ती म्हणाली. "बायपास करावी लागेल. सहा-सात महिने काम नाही. पण तुम्हाला काय काळजी? मी तुमच्या कंपनीला फोन करून क्लेमचा फॉर्म मागवते."

"नको. नंतर."

"नंतर का? रोहेलिओचा मी चौथ्या दिवशी पाठवला होता. तुम्हीच सांगितलं होतंत, उशीर करू नका."

"मिला, मला झोप येतेय."

मी झोपेचं सोंग घेतलं. छातीवर लावलेल्या वायरींनी मशीनवर माझ्या हृदयाची गती दाखवली. ती झोपलेल्या माणसाची नव्हती. मिलाग्रोसने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

तीन दिवस मी असा झोपत राहिलो. दर पाळीला ती विचारायची, दर पाळीला मला झोप यायची. घराचा पुढचा हप्ता पंधरा तारखेला होता. एजंटला रजा नसते, आणि बँकेत होतं ते महिनाभर पुरलं असतं. मला त्याहून जास्त भीती एका गोष्टीची होती : हे मिलाला कळेल.

चौथ्या दिवशी सुलक्षणा डबा घेऊन आली, मुगाची खिचडी. मिलाग्रोस ड्रिप बदलत होती. तिने सुलक्षणालाच विचारलं, पॉलिसीचा नंबर घरी कुठे आहे का?

सुलक्षणाचं इंग्रजी मोजकं आहे, पण खोटं तिला कुठल्याच भाषेत जमत नाही.

"नो, नो," ती म्हणाली. "पॉलिसी नॉट साइन्ड. बॅड डेज."

"बॅड डेज?"

"अवर कॅलेंडर. बॅड डेज. नो साइन."

मिलाग्रोसने ड्रिपची नळी बोटाने टिचकवली. "किती दिवस वाईट होते?"

सुलक्षणाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"टू इयर्स," सुलक्षणा म्हणाली.

मिलाग्रोस हसली असती तर बरं झालं असतं. ओरडली असती तरी चाललं असतं. तिने माझं पांघरूण नीट केलं, पायांखाली खोचलं आणि म्हणाली, "कुया, खिचडी गार होईल." त्यानंतर तिने फॉर्मचं नाव काढलं नाही. वॉर्डात माझ्याबद्दल कुणाला काही सांगितलंही नाही. हे मला माहीत आहे, कारण सगळे माझ्याशी पूर्वीसारखेच चांगले वागत होते.

पुढच्या रविवारी दुपारी ती रोहेलिओला घेऊन आली. तो पाय ओढत आला. डाव्या हातात निळा, गोल डबा होता. तो त्याने माझ्या पलंगावर ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "कुया... अकरा... घरं."

माझीच अकरा.

मी म्हणालो, "मला हे घेता येणार नाही."

"का?" मिलाग्रोस म्हणाली. "तुमचं भाषण आठवतंय म्हणून? आम्हालाही आठवतंय. म्हणून तर नोटा टाकल्या. चिल्लर नाही."

सुलक्षणाने डबा मांडीवर घेतला आणि पदराने तोंड पुसलं. घाम मात्र मला आला होता. त्या डब्याने आमचे दोन हप्ते भरले. तिसऱ्याला आम्ही गाडी विकली, आणि चौथ्यापासून सुलक्षणा ईलिंग रोडवरच्या एका दुकानात मसाल्याच्या पुड्या बांधायला जाऊ लागली. रोहेलिओच्या घरातलं कुणी पुड्या बांधायला गेलं नव्हतं.

त्या रविवारी मिला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला. फार मोठं काहीतरी बोलायचं होतं मला. कबुली द्यायची होती, माफी मागायची होती, कदाचित मानवजातीबद्दलही दोन शब्द.

"मिला, मी तुम्हा सगळ्यांशी..."

"कुया," ती म्हणाली, "डबा रविवारच्या आत परत पाठवा. रोहेलिओच्या पुतण्याचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे."