निळ्या झाकणाच्या नळ्या

लाल.

“खाडीतील नर बोयी माशांच्या वृषणात टेस्टोस्टेरॉनची निर्मिती सर्वसाधारण आढळली.” एवढं वाचून योगिनीने पान उलटलं.

मच्छीमार सोसायटीच्या शेडात सत्तर-ऐंशी माणसं बसली होती. कारखान्याला खाडीत दुसरा पाइप सोडायचा होता आणि गावाची हरकत आहे की नाही, ते आज ठरायचं होतं. योगिनी रत्नागिरीहून यायची, माशांवर संशोधन करायची. तिच्या अहवालाकडे सगळ्यांचे कान लागले होते.

“सर्वसाधारण म्हंजे काय ते सांग की,” मागून धाकू म्हणाला.

“म्हणजे मासळी धडधाकट आहे,” चेअरमन आप्पांनी परस्पर सांगून टाकलं.

योगिनीने मान डोलावली नाही की ते खोडून काढलं नाही. पहिल्या रांगेत धाकूची भावजय सगुणा हात मांडीवर ठेवून बसली होती. आता ही निळ्यांचं सांगेल, असं तिला वाटत होतं.

निळी.

दोन वर्षांपूर्वी ही पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा कुणी तिला मासळीला हात लावू देईना. सगुणाने घरोघर जाऊन सांगितलं, पोर चांगली हाय, द्या तिला. नर कसा ओळखायचा तेही तिनेच शिकवलं. पोटावरून अंगठा मागे सरकवायचा. हंगामात नर असला तर दुधासारखं पाणी येतं.

मग सगुणाच्याच पडवीत योगिनी नराची पांढरी पिशवी काढायची, म्हणजे वृषण. त्याचे तुकडे उबेला ठेवायची आणि त्यांच्याभोवतीचं पाणी दोन नळ्यांत भरायची. एका माशाच्या दोन नळ्या: एक लाल झाकणाची, एक निळ्या. झाकणं लावायचं काम सगुणाचं.

“दोन कशाला गो? एकात मावत नाय?”

“लालमध्ये टेस्टोस्टेरॉन मोजायचं, काकी. पण ते मादीच्या अंगातही असतं, कधी कधी नरापेक्षा जास्त. नराच्या वृषणात त्याचं पुढे दुसरं संप्रेरक होतं, अकरा-किटो-टेस्टोस्टेरॉन. माशात नराला नर करतं ते हे दुसरं. ते निळ्यात.”

“अकरावा,” सगुणाने त्याचं बारसं करून टाकलं. थोडा विचार करून म्हणाली, “म्हंजे लालमध्ये रातांबे नि निळ्यात आमसुलं. झाडाला रातांबे लागले म्हणून कढी काय आंबट होत नाय, ते सुकवून आमसुलं व्हावी लागतात.”

योगिनी इतकी हसली की तिच्या हातातली सुरी खाली पडली. “काकी, माझ्या सरांना इतकं सोपं नाही सांगता येत.”

मग ह्या फेब्रुवारीत एका दुपारी ती धावतच आली. कारखान्याच्या पहिल्या पाइपाजवळच्या नरांत अकरावा जवळजवळ बनतच नव्हता. लाल भरलेली, निळी रिकामी. खाडीच्या वरच्या अंगाच्या, पाइपापासून लांबच्या बोयी मात्र ठीक होत्या. सांगताना तिचे डोळे भरून आले होते. सगुणाने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. खाडीसाठी रडतेय लेक, असं समजून.

लाल.

“...सबब तातडीच्या धोक्याचा निष्कर्ष काढता येत नाही.” योगिनीने कागद मिटले.

“बाय, निळ्या राहिल्या,” सगुणा म्हणाली.

मागच्या माना सगुणाकडे वळल्या.

“काकी, हा अहवाल फक्त लाल... फक्त टेस्टोस्टेरॉनपुरता आहे.”

“ते दिसलं. रातांबे मोजलेस. आमसुलं कुठायत?”

कुणीतरी हसलं. आप्पा म्हणाले, “सगुणावैनी, सभा आहे ही. सोलकढी नंतर.”

“पाइपाजवळच्या नरात अकरावा बनत नाय, असं हिनं माझ्या पडवीत सांगितलंन. विचारा हिला. हो की नाय, येवढंच सांग गो.”

योगिनीने मिटलेले कागद पुन्हा उघडून बघितले. “मी अहवालात आहे तेवढंच बोलू शकते.”

“मगे खोटं बोलतेय कोण? मी?”

धाकू उठून उभा राहिला. “वैनी, दोन वर्षं तूच सांगत होतीस, पोरीवर विश्वास ठेवा. ठेवला. आता तूच म्हणतेस ठेवू नका. आम्ही नक्की काय ठेवायचं नि काय नाय?”

गावाला दाखवायला सगुणापाशी एक आकडासुद्धा नव्हता. सगळे त्या पोरीच्या लॅपटॉपात होते.

आप्पांनी हात वर करायला सांगितले. हरकत नाही म्हणणाऱ्यांत धाकूचाही हात होता. हरकतीला सात.

बिनझाकणाची.

शेडाबाहेर योगिनीने सगुणाला गाठलं.

“काकी, ऐका. ते आकडे माझ्या प्रबंधातले आहेत. परदेशातल्या मासिकात छापून येणारेत. त्याआधी बाहेर फुटले तर ते लोक घेत नाहीत. वर्षभराचा प्रश्न आहे. छापून आले की मी स्वतः येऊन सांगेन सगळ्यांना.”

“पाइप कधी टाकतायत?”

“पावसाळ्यानंतर.”

“मगे वर्षानं येऊन कुणाला सांगशील? बोयींना?”

सगुणा योगिनीच्या तोंडाकडे बघत होती. फेब्रुवारीतला तो चेहरा तिला आता नीट वाचता आला. ते रडू नव्हतं. जाळ्यात मोठा रावस लागला की धाकूचे डोळे तसेच चमकतात.

“तुमच्याशिवाय झालंच नसतं हे, काकी. तुमचं नाव घालणार आहे मी, प्रबंधाच्या पहिल्याच पानावर.”

“कुठल्या भाषेत?”

“इंग्रजीत.”

“बरं झालं,” सगुणा म्हणाली. “इथं कुणाला वाचता येणार नाय.”