भिला गुरुजींचा प्राणवायू

"मराठी आणि इतिहास. लिहून टाकू ना?" मुख्याध्यापकांनी टाक दौतीत बुडवला.

"नाही साहेब. विज्ञान आणि गणित," भिला गुरुजी बोलून गेले आणि स्वतःच दचकले.

१९४६ सालची गोष्ट. नंदुरबारच्या एका हायस्कुलात माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला होता. जवळच्याच रनाळे गावच्या प्राथमिक शाळेत शिकवता शिकवता भिला गुरुजी चाळिशीला टेकले होते. मॅट्रिक बाहेरून बसून झालेले. वर्गातले बाकीचे उमेदवार म्हणजे कालची पोरं.

"या वयात विज्ञान?" मुख्याध्यापक म्हणाले. "मराठी घेतलीत तर जूनपासून इथेच जागा देतो. विज्ञानाला आमच्याकडे माणूस आहे."

गुरुजींना कारण सांगता येईना. हवेत प्राणवायू असतो, असं ते वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेत आले होते. एकदा फुली नावाच्या पोरीने विचारलं, "गुर्जी, तुम्ही देखा का तो?" वर्ग खो खो हसला. गुरुजींना मात्र ते लागून राहिलं.

"बरं, सोमवारी आठवीवर पाठ घ्या," मुख्याध्यापक शेवटी म्हणाले. "जमला तर विज्ञान, नाहीतर मुकाट्याने मराठी."

मग काय! उपकरणांचं कपाट उघडून मिळालं आणि गुरुजी त्यात हरवलेच. काचेच्या नळ्या तडकल्या, बोटं पोळली. रात्री घरी आले तर बायकोने, दगूबाईने, तोंड निरखून पाहिलं.

"मिशा कसाले जाळ्यात?"

"प्राणवायू करी ऱ्हायनू!"

"करा मंग. पन पह्यले जेवी ल्या."

सोमवारी वर्गात गुरुजींनी नळीत जांभळे खडे टाकले. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात तीच ही लाल दवा. नळी दिव्यावर धरली. खडे तडतडले. विझत आलेली काडी, टोकाला नुसता निखारा, त्यांनी हलकेच नळीच्या तोंडाशी नेली. भक्कन ज्योत!

"पेटनी!" गुरुजी ओरडले. "देखा रे, पेटनी!"

पोरं बाकांवरून उड्या मारत टेबलाला भिडली. "आखो एकदाव, गुर्जी, आखो!"

मागे बसलेले मुख्याध्यापक उठून पुढे आले. पोरं पटापट बाकांवर परतली.

"शिस्त नाही. भाषा तर शुद्ध अहिराणी," ते म्हणाले. मग चष्मा पुसत पुटपुटले, "पुन्हा पेटवा. मला मागून नीट दिसलं नाही."

विज्ञान मिळालं. जागा गेली.

गुरुजी घरी आले ते बोलतच. हातवारे करून त्यांनी सगळा पाठ पुन्हा घेतला. जागेचं सर्वांत शेवटी सांगितलं, खालच्या आवाजात. दगूबाईने स्टेशनाजवळ खोली बघून ठेवली होती. भांडीसुद्धा गोणपाटात बांधून झाली होती.

"म्हनजे आपन आठेच, रनाळामा?"

"आठेच. कोठे विज्ञाननी जागा निंघस तोपावत."

ती गोणपाटाची गाठ सोडून एकेक भांडं परत फळीवर लावू लागली. सगळ्यात शेवटी काचेचा पेला निघाला, पाहुण्यांसाठीचा, घरातला एकुलता. तो तिने पदराने पुसला, गुरुजींच्या पुढ्यात ठेवला आणि "माले बी दखाडा" म्हणत देवापुढची धुमसती उदबत्ती आणायला आत गेली.