गेनबाच्या पायाचा दोरा

महाळुंग्याच्या गेनबाच्या नडगीत कुळवाची धारदार लोखंडी फास घुसली, त्या दिवशी अर्धं गाव सल्ला द्यायला आलं आणि चहा पिऊन गेलं. देवऋषी भिमाजीनं तेवढं हातानं काही केलं. गुडघ्याखाली मंतरलेला काळा दोरा करकचून आवळला.

"लोखंडाचं इख वर चढता कामा न्हाई. जखम भरंस्तवर दोरा सोडायचा न्हाई!"

पंधरवडा उलटला. इख चढलं नाही आणि जखमही भरली नाही. पाऊल मात्र वांग्यासारखं जांभळं पडलं. शेवटी बायकोनं, गवराबाईनं, त्याला गाडीत घालून चाकणच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली.

"बाई, जखम भरतं ते रक्त. माझं औषधही रक्तातूनच जाणार. तुम्ही वाटच आवळलीत. दोरा सुटल्याशिवाय जखम भरायची नाही. अशीच राहिली तर पाय कापावा लागेल."

"आन् जखम भरल्याबिगर दोरा सुटायचा न्हाई," गेनबा म्हणाला आणि दावा जिंकल्यासारखा गाडीत जाऊन बसला.

वाटेत गवराबाई फणकारली, "अवो, वरनं पाटच बुजिवला तर खालचा कांदा भिजंल का?"

"येडी का काय! वाळून जाईल."

"मग ह्यो पाय काय येगळ्या पाण्यावर हाय?"

गेनबानं बराच विचार केला. "कांद्याला भिमाजीचा दोरा नसतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी पिठलं-भाकरी हाणून तो घोरू लागला, तशी तिनं मांसात रुतलेला दोरा हलकेच कापला आणि तसलाच दुसरा बांधला. सैल, दोन बोटं जातील एवढा.

"पायात मुंग्या आल्यात गं!" उठल्या उठल्या गेनबा ओरडला.

"भिमाजी भावजींचा मंतर लागू पडला आसंल," ती चूल फुंकत म्हणाली.

चाकणच्या सुया चालूच होत्या. पावलाला रंग आला, जखमेत लालबुंद मांस धरलं, खपली आली. गेनबा पारावर जाऊन सांगू लागला, "डाक्टर पाय कापाय निघालता. भिमाजीनं राखला!"

भिमाजी दोरा सोडायला आणि मानाचा कोंबडा न्यायला आला. दोरा चाचपला, गाठ दोनदा न्याहाळली. मग चुलीपाशी येऊन हळूच म्हणाला, "वैनी, ही गाठ माज्या हातची न्हाई."

गवराबाईनं डालग्याखालचा कोंबडा काढून त्याच्या काखेत दिला.

"कोंबडा तरी कुटं माज्या घरचा हाय, भावजी? सकाळी तुमच्याच उकिरड्यावर धरलाय."

बाहेर गेनबा भिमाजीचे गोडवे गात होता. भिमाजीनं कोंबड्याकडं पाहिलं. कोंबड्यानं ओळख दिली.

"गुण आल्याशी मतलब," भिमाजी म्हणाला आणि आपला कोंबडा घेऊन आपल्या घरी गेला.